पेटी आपली, किल्ली परक्याची

वीज पडली ती शेजाऱ्यांच्या माडावर. मेली मात्र आमच्या दूरचित्रवाणीखालची छोटी काळी पेटी. २०२५ सालच्या आश्विनातली, परतीच्या पावसातली ही गोष्ट. कोकणातल्या घरी आई एकटी राहते; मी पुण्यात. तिने फोनवर सांगितले ते इतकेच : "माड उभा जळला रे. आणि ह्यांच्या फिती दिसेनाशा झाल्यात."

माडाचे वाईट वाटले, पण काळजी लागली ती दुसऱ्या वाक्याने.

'ह्यांच्या फिती' म्हणजे वडिलांनी चित्रित केलेल्या ध्वनिचित्रफिती. ते गावच्या शाळेत शिक्षक होते. नव्वदच्या दशकात त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन एक कॅमेरा विकत घेतला आणि पुढची पंधरा वर्षे गावातला शिमगा, पालखी, नमन-खेळे, शाळेची स्नेहसंमेलने, कुणाकुणाची लग्ने, असे जे जे समोर आले ते टिपून ठेवले. ते गेल्यावर मी त्या चोपन्न फिती संगणकीय रूपात आणल्या, एका हार्ड डिस्कवर साठवल्या आणि ती डिस्क त्या काळ्या पेटीला जोडून दिली. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की आई त्यातली एखादी फीत लावते. चित्रात वडील जवळजवळ नाहीतच. ते कॅमेऱ्यामागे आहेत. पण मध्येच त्यांचा आवाज येतो : "जरा डावीकडे सरका." "पोरांनो, ओरडू नका." आई फीत लावते ती बहुधा त्या आवाजासाठी. तिने हे कधी बोलून दाखवलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

मेलेल्या पेटीचे चरित्र थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढचा सारा विचार त्यातूनच सुरू झाला. २०१६ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मी घेतली. वर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचे नाव नव्हते; आत ॲमलॉजिकची चिप आणि अँड्रॉइड होते. पुढे एकदा सहज उत्सुकतेपोटी, घरातले कोणते उपकरण महाजालावर कुठे संपर्क साधते याची नोंद मी राउटरवर काही दिवस ठेवली. सगळे झोपल्यावर, मध्यरात्री दोनच्या सुमारास, ही पेटी मला अजिबात ओळखता न येणाऱ्या पत्त्यांशी बोलत होती. काय बोलत होती ते कळेना. आईच्या घरात आपणच आणून बसवलेला हा पाहुणा चोर तर नाही ना, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

उपाय निघाला, तो मात्र साधा होता. या जातीच्या पेट्यांमध्ये आवाजाच्या तारेसाठी जी गोल खाच असते, तिच्या तळाशी एक बटण लपलेले असते. मेमरी कार्डावर कोअरइलेक नावाची लिनक्स प्रणाली उतरवायची, कार्ड पेटीत सारायचे, उदबत्तीच्या काडीने ते बटण दाबून धरायचे आणि मग वीज सुरू करायची. पेटी आतले अँड्रॉइड बाजूला ठेवून कार्डावरच्या लिनक्सने जागी होते. मी तेच केले. पडद्यावर कोडी उघडले, हार्ड डिस्क दिसली, फिती दिसल्या. मध्यरात्रीचे बोलणे थांबले. त्यानंतर वीज पडेपर्यंत त्या पेटीने एकदाही तक्रार केली नाही.

आता नवी पेटी. माझ्या इंटरनेट-जोडणीसोबत एका कंपनीने ती फुकट दिली होती. दिवाळीला ती घेऊन मी गावी गेलो. दिसायला देखणी, चालायला जुनीपेक्षा कितीतरी चपळ. यूएसबीची खाचही होती. हार्ड डिस्क जोडली. काही झाले नाही. मागच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिले होते, की ही खाच सेवा-केंद्राच्या वापरासाठी राखीव आहे. मग वाटले, एखादे ॲप बाहेरून टाकावे. 'अज्ञात स्रोतांना परवानगी द्या' हा ओळखीचा पर्याय शोधला. तो बंद नव्हता, तो तिथे नव्हताच. शेवटी सेटिंगमधले 'कायदेशीर माहिती' हे पान उघडले. हे पान सहसा कुणी उघडत नाही. तिथे पानेच्या पाने परवाने होते, आणि पहिलेच नाव होते लिनक्स कर्नल.

मी वीस वर्षे लिनक्स वापरतो. ते नाव पाहून आधी आनंद झाला. क्षणभराने, परक्या बंगल्याच्या फाटकावर आपला बालमित्र पहारेकऱ्याच्या गणवेशात उभा दिसावा आणि त्याने आपल्याला ओळख देऊ नये, तसे काहीसे वाटले.

योगायोग असा, की त्याच सुमारास एक बातमी जगभर चर्चेत होती. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस ॲमेझॉनने फायर टीव्ही स्टिक फोर-के सिलेक्ट हे उपकरण जाहीर केले आणि त्यात अँड्रॉइडवर आधारलेल्या जुन्या फायर ओएसऐवजी 'वेगा ओएस' ही लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली बसवली. पुढे ते भारतातही आले. (माझी पेटी या कंपनीची नव्हे, तिची गोष्ट वेगळी.) 'अँड्रॉइड गेले, लिनक्स आले' असे वाचून माझ्यासारख्या अनेकांना प्रथम बरे वाटले असणार. पण या नव्या उपकरणावर ॲप घेता येते ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून. जुन्या स्टिकवर अँड्रॉइडचे कोणतेही ॲप बाहेरून आणून बसवता येत असे. तो दरवाजा इथे नाही. विकसक म्हणून नोंदणी केलेल्यांपुरता एक अपवाद आहे, तो सामान्य ग्राहकाच्या कामाचा नाही. कंपनीने यासाठी दिलेले कारण सुरक्षिततेचे आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्स कर्नलच असते. सॅमसंगचे टायझेन, एलजीचे वेबओएस, रोकूची प्रणाली या साऱ्यांचा पायाही लिनक्सचाच. म्हणजे 'लिनक्सकडे वळणे' याचा अर्थ इतकाच, की पाया तोच ठेवून वरचा अँड्रॉइडचा मजला पाडला आणि तिथे आपला मजला चढवला. अँड्रॉइडच्या मजल्याला बाहेरून एक जिना होता. नवा मजला बांधताना तो जिना बांधला नाही, इतकेच घडले. पायाला त्याचा दोष देता येत नाही.

मग पायाच्या मालकांनी, म्हणजे लिनक्स घडवणाऱ्यांनी, हे होऊ कसे दिले? ही कहाणी जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला आणि १९९२ साली ते जीपीएल या परवान्याखाली आणले. या परवान्याचे मर्म असे, की आज्ञावली कुणीही घ्यावी, बदलावी, विकावी. मात्र ज्याला ती द्याल त्याला तिचा मूळ स्रोतही मिळाला पाहिजे. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाचे दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्र बाजारात आले. त्यात लिनक्स होते. कंपनीने परवान्याप्रमाणे स्रोत खुला केला. पण यंत्राचे हार्डवेअर असे घडवले, की कंपनीची स्वाक्षरी नसलेली आज्ञावली त्यावर चालूच नये. स्रोत तुमच्या हातात, यंत्र तुमच्या घरात, पण सुधारलेला स्रोत त्या यंत्रात घालता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिव्होकरण' म्हटले आणि तो रोखण्यासाठी २९ जून २००७ रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वापराच्या उपकरणात अशी आज्ञावली घातली, तर बदललेली आज्ञावली बसवण्यासाठी लागणारी माहितीही ग्राहकाला द्यावी, असे तिच्यात कलम आहे. टोरवाल्ड्स यांनी मात्र कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच ठेवले. आपल्या सुधारणा परत मिळाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा. हार्डवेअर कसे घडवावे हे ते घडवणाऱ्याने ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंना तर्क आहे. परिणाम असा, की आज आपल्या घरातल्या बहुतेक पेट्यांमध्ये लिनक्स आहे आणि त्यांतल्या बऱ्याच पेट्या टिव्होच्या वाटेने गेल्या आहेत.

कुलूप नेमके कुठे असते, हे मी त्या दिवाळीत नीट समजून घेतले. पेटीला वीज मिळाली की सर्वप्रथम जागी होते ती चिपच्या आत कायमची कोरलेली एक छोटीशी आज्ञावली. तिच्या शेजारी काही सूक्ष्म तारा असतात, ज्या कारखान्यात एकदाच जाळल्या जातात आणि पुन्हा कधीही जोडता येत नाहीत. कोणत्या तारा जळल्या आणि कोणत्या राहिल्या यावरून एक खूण तयार होते. ती खूण सांगते, की अमुक एका कंपनीची मुद्रा असलेली पुढची आज्ञावलीच चालू द्यायची. ती पुढची आज्ञावली, म्हणजे बूटलोडर, कर्नलवरची मुद्रा तपासते, कर्नल त्यापुढच्याची. जुन्या काळी राजपत्रावर शिक्कामोर्तब असे. ते खरे की खोटे हे कुणालाही पाहून ओळखता येई, पण उमटवता येई ते ज्याच्या ताब्यात मुद्रा आहे त्यालाच. इथेही तसेच. तपासण्याची किल्ली जाहीर असते, उमटवण्याची खासगी. आणि ती खासगी किल्ली कंपनीच्या तिजोरीत. माझ्या नव्या पेटीत उदबत्तीच्या काडीला दाबण्यासारखे बटणच नव्हते. असते तरी उपयोग नव्हता, कारण माझ्या कार्डावर कंपनीची मुद्रा नव्हती. दोन रात्री जागून, एक सर्किट उघडून आणि एक स्क्रू हरवून मी हे शिकलो.

आई शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "अरे, पेटी आपलीच ना? मग तिला विचारायचं कशाला?"

याचे उत्तर 'कंपन्या लोभी असतात' इतके सोपे असते तर हा मजकूर लिहिण्याची गरज नव्हती. मला माझीच जुनी पेटी आठवत होती. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या नावाने एक इशारा दिला : स्वस्त, प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइड पेट्यांमध्ये कारखान्यातूनच किंवा पहिल्याच वापरात घातक आज्ञावली शिरते आणि घरातले इंटरनेट गुन्हेगारांना वापरू देते. जुलैमध्ये गूगलने या जाळ्याविरुद्ध दावा दाखल केला. त्यात अशा एक कोटीहून अधिक उपकरणांचा उल्लेख होता. माझी पेटी त्यांपैकीच होती असे मी म्हणू शकत नाही, पण मध्यरात्रीच्या त्या संवादाचा अर्थ मला उशिरा का होईना उमगला. तेव्हा कुलूप हवेच, हे मी मान्य करतो. चित्रपट चोरणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट हे दुसरे कारण. तेही खोटे नाही.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या पेटीचे दार उघडे होते म्हणून चोर आत आला असेल. पण दार उघडे होते म्हणूनच मीही आत जाऊन त्याला हाकलू शकलो. नव्या पेटीत चोर येणार नाही, आणि मलाही जाता येणार नाही. उद्या कंपनीने सुधारणा पाठवणे थांबवले आणि आतल्या आज्ञावलीत एखादे भगदाड उघडे पडले, तर ते बुजवण्याचा अधिकार जगात कुणालाही उरणार नाही.

असे घडते का? घडते. स्पॉटिफायने २०२२ साली अमेरिकेत 'कार थिंग' हे मोटारीतले छोटे उपकरण विकायला काढले आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी ते दूरवरूनच निकामी केले. त्यातही लिनक्स होते. सुदैवाने त्याचे कुलूप हौशी तंत्रज्ञांना उघडता येण्याजोगे होते, म्हणून काही जणांनी त्याला दुसरे आयुष्य दिले. याउलट एक चांगले उदाहरण गूगलचे : स्टेडिया ही खेळसेवा जानेवारी २०२३मध्ये बंद करताना त्यांनी तिचे हातयंत्र साध्या ब्लूटूथवर चालेल अशी सोय करून दिली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात किती उपकरणे खरोखर बिघडलेली असतील आणि किती केवळ कुलूपबंद, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कुलूप आणि मालकी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे तंत्रज्ञानाने कधीच सिद्ध केले आहे. २०१२ साली विंडोज आठसोबत संगणकांमध्ये अशीच मुद्रा-तपासणी आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. पण नेहमीच्या इंटेल-एएमडी संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टची अट अशी होती, की मालकाला ही तपासणी बंद करता आली पाहिजे. शिवाय त्यात स्वतःची किल्लीही नोंदवता येते. मी हा मजकूर ज्या संगणकावर लिहितो आहे त्यात कुलूप आहे, आणि त्याची एक किल्ली माझी आहे. एआरएम चिपच्या उपकरणांना मात्र ही सवलत नव्हती. आणि दूरचित्रवाणीच्या पेट्या बहुतांशी त्याच वंशातल्या. पिक्सेल फोनवरही दुसरी प्रणाली बसवून स्वतःच्या किल्लीने पुन्हा कुलूप लावता येते. म्हणजे मुद्दा अशक्यतेचा नाही, इच्छेचा आहे.

कधीकधी ती इच्छा बाजारातूनही येते. २००२च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. परवान्याच्या आधारे स्रोत मागितला गेला, कंपनीने तो २००३ साली खुला केला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आजही जुन्या राउटरांना नवे आयुष्य देतो. पुढे कंपनीने त्या राउटरमधून लिनक्स काढून टाकले, तेव्हा ग्राहकांची मागणी इतकी होती की २००५ साली खास लिनक्स असलेले वेगळे प्रारूप विकायला आणावे लागले. तेव्हा लिनक्स म्हणजे उघडे दार, असे समीकरण होते. वीस वर्षांत नाव तेच राहिले, समीकरण बदलले.

आपल्या देशात हा विषय निव्वळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड टीव्हीसंबंधी २०२१ साली चौकशीचा आदेश दिला होता. स्मार्ट टीव्ही बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची सगळी ॲप घ्यावी लागतात आणि अँड्रॉइडच्या वेगळ्या शाखा वापरण्यावर बंधने येतात, असे त्या प्रकरणाचे स्वरूप होते. एप्रिल २०२५मध्ये ते तडजोडीने मिटले. गूगलने २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतातल्या स्मार्ट टीव्हींसाठी प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेसचा स्वतंत्र परवाना देण्याचे मान्य केले. निर्मात्याच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे. पण त्यात सुटका झाली ती पेटी बनवणाऱ्याची. पेटी विकत घेणाऱ्याचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' हे संकेतस्थळ सुरू केले, तेही स्वागतार्हच. मात्र दुरुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो स्क्रू, सुटा भाग, कारागीर. मुद्रेअभावी बंद पडलेली आज्ञावली हीसुद्धा दुरुस्त करण्याजोगी वस्तू आहे, हे अजून आपल्या मनात रुजलेले नाही.

'वेगा' या नावाने मला आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली. वेगा म्हणजे आपला अभिजित तारा. सत्तावीस नक्षत्रांच्या नेहमीच्या गणनेतून वगळला गेलेला अठ्ठाविसावा. आणि याच नावाने प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, तिरुवनंतपुरममध्ये भारतीय प्रोसेसरांची एक मालिका घडवली आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर ती आधारलेली आहे. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' प्रोसेसर त्याच कुळातला; त्याच्या चिपवर २०१८ साली लिनक्स सुरू झाले, तेव्हा आपण सर्वांनी आनंदाने ती बातमी एकमेकांना पाठवली होती. उद्या कदाचित आपल्या दूरचित्रवाणीच्या पेटीत भारतीय चिप असेल, तिचा आज्ञासंच खुला असेल, वर लिनक्स असेल. पण त्या चिपमधल्या तारा जाळताना मुद्रा कुणाची उमटवायची हे आजच ठरवले नाही, तर खुलेपणाच्या इतक्या पायऱ्या चढूनही शेवटच्या दाराशी आपण बाहेरच उभे राहू. स्वदेशी चिपविषयी बोलताना हा प्रश्न कुणी विचारताना मला दिसत नाही, म्हणून इथे विचारतो आहे. माझी अपेक्षा मोठी नाही. कुलूप असावे, खरेदीच्या वेळी ते खोक्यावर स्पष्ट लिहिलेले असावे, जाणत्या मालकाला आपल्या जबाबदारीवर स्वतःची किल्ली नोंदवता यावी, आणि कंपनीने सेवा थांबवली त्या दिवशी तिने किल्ली ग्राहकाच्या हाती ठेवावी.

ही अपेक्षा आज तातडीची आहे, कारण वारे उलट दिशेने वाहत आहेत. ज्या अँड्रॉइडच्या बाहेरच्या जिन्याचा उल्लेख वर केला, तोही आता अरुंद होतो आहे. प्रमाणित अँड्रॉइड उपकरणांवर बाहेरून बसवायच्या ॲपच्या निर्मात्याचीही ओळख पडताळली जाईल, असे गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत सुरुवात आणि त्यानंतर इतरत्र, असा त्याचा क्रम सांगण्यात आला. टीका झाल्यावर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासनही कंपनीने दिले. ती वाट किती रुंद असेल हे कळेलच.

आईच्या फितींचे काय झाले, हे सांगायचे राहिले.

भाऊबीजेनंतर मी पुण्याहून एक रास्पबेरी पाय घेऊन गेलो. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्यावर लिब्रेइलेक ही लिनक्स प्रणाली बसवायला अर्धा तास लागला. कुणाची परवानगी मागावी लागली नाही. एचडीएमआय तारेतूनच संदेश जात असल्यामुळे दूरचित्रवाणीचाच रिमोट त्यालाही चालतो, म्हणजे आईला नवे काही शिकावे लागले नाही. प्रत्येक फितीवर तिच्यातलेच एक चित्र लावून दिले : पालखीच्या फितीवर पालखी, स्नेहसंमेलनाच्या फितीवर तो लाल पडदा.

या व्यवस्थेत उणे आहे, तेही सांगतो. सशुल्क वाहिन्यांचे चित्रपट या संगणकावर स्वच्छ दिसत नाहीत. चित्रपट पुरवणाऱ्यांच्या संरक्षण-यंत्रणेची वरची पातळी केवळ कुलूपबंद, प्रमाणित उपकरणांनाच मिळते; उघड्या उपकरणाला धूसर चित्रावर समाधान मानावे लागते. म्हणून ती नवी चपळ पेटीही मी जोडून ठेवली आहे. आता आईच्या दूरचित्रवाणीखाली दोन पेट्या आहेत आणि दोन्हींमध्ये लिनक्स आहे. एकीवर मालिका दिसतात, दुसरीवर गाव.

परवा फोन केला तेव्हा मागून ढोलकीचा आवाज येत होता. १९९८चे नमन लावले होते. "थांब जरा," आई म्हणाली, "आता ह्यांचा आवाज येईल." मी थांबलो. ढोलकी थांबली, माणसांची कुजबुज झाली, आणि फोनमधून, दूरचित्रवाणीतून, सत्तावीस वर्षांपलीकडून बाबा कुणाला तरी म्हणाले, "दिव्यासमोरून बाजूला व्हा, चेहरा दिसू दे."